मेलेल्या कंपनीला गिऱ्हाईक

माझ्या नवऱ्याला झाडांतलं कळत होतं, माणसांतलं नाही. चिकूची पावडर करणारी कंपनी निघाली तेव्हा त्याने बरेच पैसे घालून माझ्या नावावर शेअर घेतले. पावडर कोणी विकत घेतली नाही, कारखान्याला कुलूप लागलं. नवरा गेला, शेअर राहिले.

गेल्या वर्षी मी डहाणूतला रस्त्याकडचा प्लॉट विकला. त्या पैशांत वाडीत बोअर मारायची होती. चिकू सुकत चालले होते. पण कर भरल्यावर बोअरपुरतं उरत नव्हतं. सीए म्हणाला, "आजी, ते शेअर मार्चअखेर विकून टाका. त्यांचा तोटा प्लॉटच्या नफ्यातून वजा होईल. नुसते घरात ठेवून तोटा धरता येत नाही."

"मेलेली कंपनी घेणार कोण?"

"कागदावर आहे ती अजून. कोणीही घेऊ दे, पण विक्री खरी हवी. ते शेअर सगळे मिळून शंभर रुपयांचेही नाहीत."

भावकीत विचारून पाहिलं, सगळे हसले. शेवटी आशागडची माझी विहीण, मुलीची सासू, तयार झाली. मार्च संपत आला होता. सीएच्या ऑफिसात तिने शेअरचे कागद उलटसुलट करून पाहिले.

"पन्नास देते."

मी जन्मभर चिकू विकलेत. पहिल्या बोलीला मी सडका चिकूही देत नाही. "विहीणबाई, दीडशेच्या खाली बोलू नका. कागद बघा केवढा जाड आहे!"

"त्याच्यावर पापड वाळत घालू? साठ."

"आजी," सीए कळवळला, "आपल्याला तोटाच हवाय!"

"म्हणून काय लुटू देऊ?"

"मग राहू द्या," म्हणत विहिणीने पिशवी उचलली आणि थेट दाराशी गेली. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

"बसा हो. किती देता शेवटचे?"

"सत्तर. वर चहा."

"साखर नाही मिळायची."

"तुमच्या चहात कधी होती?"

सीएने डोकं टेबलावर ठेवलं आणि हसत सुटला. विहिणीने फोनवरून पैसे पाठवले, मी सह्या केल्या. "आता मालकीण मी," ती म्हणाली. "कारखाना उघडला की तुम्हाला झाडूला ठेवीन." हसताना माझी कवळी निसटली.

तोटा धरला गेला, कर थोडाच बसला. मे महिन्यात बोअर मारली. समुद्र जवळ, पाणी खारं निघेल अशी धास्ती होती. विहीण बघायला आली होती. ओंजळ तिनेच आधी तोंडाला लावली.

"गोड आहे हो!" ती ओरडली, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या लुगड्यांसकट भिजलो.