बावीस नंबरचं पाकीट

ज्यू समाजाच्या ट्रस्टमध्ये तिला सगळे तिजोरीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. चाळीस वर्षांपूर्वी ती कारकून म्हणून लागली, तेव्हा ट्रस्टच्या शाळेचं छप्पर गळत होतं आणि वृद्धाश्रमाचं लाइट बिल थकलं होतं. तिने दोन्ही मार्गी लावलं. मग देणगीदारांच्या नाकदुऱ्या काढून दवाखाना उभा केला, चार अध्यक्ष पचवले आणि वित्तप्रमुख झाली. मध्ये बँकेतली दुप्पट पगाराची नोकरी चालून आली, तर म्हणाली, "तिथे माझ्यावाचून कुणाचं अडणार आहे?" तोरा होताच, पण खोटा नव्हता.

तिचं खरं काम मात्र कुणाला दिसायचं नाही. समाजाची जुनी रीत अशी, की देणारा कोण ते घेणाऱ्याला कळू नये आणि घेणाऱ्याचं नाव चारचौघांत होऊ नये. म्हणून मदतीच्या वहीत नावंच नसत, नुसते नंबर, एक ते एक्केचाळीस. कोणता नंबर कोण, हे फक्त तिजोरीबाईच्या डोक्यात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, लोक उठायच्या आत, ती एकेका दाराखालून पाकीट सरकवत जायची.

नवे अध्यक्ष म्हणाले, "बाई, निदान एका कागदावर तरी लिहून ठेवा. उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय धाड भरलीये!" ती फणकारली.

धाड भरली ती त्याच महिन्यात. चाळीस पाकिटं वाटून झाली आणि हातात एक उरलं. बावीस. तिला दार आठवेना, मजला आठवेना, बाई की पुरुष तेही आठवेना. विचारणार तरी कुणाला? घेणाऱ्याने ऑफिसची पायरी चढायची नाही, हा नियमही तिचाच. आणि विसरले म्हणून कबूल करायचं, तर इतक्या वर्षांचा तो तोरा आडवा येत होता. पाकीट ड्रॉवरमध्ये गेलं. पुढच्या महिन्यात त्यावर दुसरं पडलं, मग तिसरं. बाहेर थंडी वाढतच होती.

प्रार्थनेला गेली की ती लोकांच्या बाह्या न्याहाळायची, बुटांचे तळ बघायची. कोण खंगलंय? एखादी खुर्ची रिकामी दिसली की ती सारखी दाराकडे बघायची. आता कुणीतरी येणार आणि सांगणार, अमका गेला, घरात औषधाची गोळीही नव्हती. तिला फार भीती वाटत होती.

शुक्रवारी दुपारी ती नेहमीप्रमाणे थोरल्या बहिणीकडे गेली. ताई विधवा, मानी, कुणाकडून सुईसुद्धा उसनी न घेणारी. आज ती घरातच कोट घालून बसली होती.

"हा काय अवतार, ताई? हीटर बिघडला का?"

"बिघडतोय कशाला! लावत नाही." ताई घुटमळली. "कुणाला बोलू नकोस हं. कुणीतरी भला माणूस होता. दर महिन्याला दाराखालून पाकीट सरकवायचा. सहा वर्षं! तीन महिने झाले, काहीच नाही. गेला असेल गं बिचारा. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते."

तिजोरीबाईला आता बावीस आठवला. ताई आपल्याकडून एक पैसा घेणार नाही म्हणून सहा वर्षांपूर्वी तिनेच तिला बावीस नंबर दिला होता. दर शुक्रवारी ती याच खोलीत येऊन गेली होती. सख्खी बहीण, आणि ती डोक्यातून पुसली गेली!

"अगं, रडतेस काय? तू ओळखायचीस का त्याला?"

"हो," ती म्हणाली. अंगावरची शाल तिने ताईच्या खांद्यावर टाकली आणि तडक अध्यक्षांचं ऑफिस गाठलं. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस लागणार, मग लेखणी उचलता येणार नव्हती. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "सगळी नावं. आत्ता."

अध्यक्षांनी पेन उघडलं. ती भराभर सांगत गेली, ते लिहीत गेले. अठरापर्यंत आले आणि थांबले.

"पुढे? एकोणीस?"

ती बोटांवर पुन्हा मागून मोजू लागली, सोळा, सतरा, अठरा...

"बाई," त्यांनी हळूच पुन्हा विचारलं, "एकोणीस कोण?"