शनिवारचे फुटाणे

टेंडरची पाकिटं फोडताना आमचे बडे बाबू चष्मा कपाळावर चढवत. सगळ्यात कमी दराचं टेंडर निघालं की ऑफिसातले बाकीचे चेहरे खुलत आणि यांचा उतरे. कागद डोळ्यांजवळ नेऊन ते विचारत, "हे सस्तं कोणाच्या ताटातून येऊन राहिलं?"

ती त्यांची सवय आहे, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

तुम्ही कुठल्याही कचेरीत चार वर्षं काढली असतील, तर असा एखादा माणूस पाहिला असेल. फाइल सरळ चाललेली असताना तिच्या वाटेत खाट टाकून बसणारा. मी जबलपुरात सरकारी इमारतींच्या खात्यात कारकून होतो. मध्यप्रांताचे दिवस, खुर्चीवर गोरा साहेब. हेडक्लार्क म्हणून बडे बाबूंचं टेबल माझ्यासमोर, आणि गोहलपूर मोहल्ल्यात आमच्या दोन बिऱ्हाडांत एकच भिंत. त्यांच्याकडे फोडणी पडली की आम्ही शिंकायचो. मला त्यांच्यापासून सुट्टी अशी नव्हतीच.

माणूस ठेंगणा, काळी टोपी, बाराही महिने छत्री. मजुरांशी हिंदी, माझ्याशी नागपुरी मराठी, आणि साहेबाशी अशी इंग्रजी, की ते बाहेर गेल्यावर साहेब मला बोलावून विचारी, बाबू काय म्हणाला? मी आपल्या मनाने काहीतरी सांगे. खात्याचे काही निर्णय असे झालेले आहेत.

उन्हाळा लागला की आमच्या कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याचे पडदे लागत. त्यांवर दिवसभर पाणी मारायला बाया लागत, पंखे ओढायला माणसं लागत. ती ठेकेदार पुरवी. ठेक्यात एक अट असे: जिल्ह्याचा ठरलेला रोज मजुराच्या हातात पडला पाहिजे, आणि शनिवारी चुकाऱ्याच्या, म्हणजे मजुरी वाटण्याच्या, वेळी खात्याचा माणूस समोर पाहिजे. तो माणूस म्हणजे बडे बाबू. नाव पुकारलं, पैसे हातावर, अंगठा हजेरीपटावर. सगळं आटोपलं की ते गेटावरच्या फुटाणेवाल्याकडून एक पुडी घेत आणि घरी जात.

पुडी सुमनसाठी. ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला दात आले तेव्हापासून शनिवारी फुटाणे, हा त्या घरचा कायदा होता. पुढे तिचं लग्न जबलपुरातच, सदर भागात झालं. सासर दीड कोसावर, ती रविवारी माहेरी यायची आणि पुडी तिची वाट पाहत असायची. सासरे ठेकेदार होते. दिलदार माणूस, हसरा, लग्नात त्यांनी पंगतीत स्वतः तूप वाढलं होतं.

एका वर्षी पडद्यांचं टेंडर या व्याह्यांनीच भरलं, आणि तेच सगळ्यात कमी निघालं. बडे बाबूंनी साहेबाला नातं सांगितलं. साहेब म्हणाला, दर कमी आहे ना, मग बास. त्या आठवड्यात व्याह्यांकडे जेवण होतं, मीही होतो. पानावर बसल्या बसल्या बडे बाबूंनी विचारलं, "व्याहीबुवा, हे सस्तं कोणाच्या ताटातून येऊन राहिलं?"

पंगत खो खो हसली. व्याह्या-व्याह्यांत थट्टा चालायचीच. व्याह्यांनी टाळी दिली आणि म्हणाले, "तुमच्याच ताटातून! वाढा रे यांना अजून एक पुरणपोळी!" बडे बाबूंनी पोळी घेतली. ते हसले नव्हते, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मलाही ते नंतर आठवलं.

उन्हाळा निम्मा झाला असेल. शनिवारचा चुकारा नेहमीसारखा झाला. बडे बाबू पुडी घ्यायला गेटावर गेले, मी मागे होतो. फुटाणेवाल्याची टोपली गच्च भरलेली.

"क्यों भैया, आज देर से आए?"

"देर कहाँ बाबूजी, दोपहर से बैठा हूँ. चार हफ्ते हो गए, पगार के दिन भी कोई बाई नहीं रुकती. पहले तो आधी टोकरी यहीं उठ जाती थी."

बडे बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. आता पाहा, पट बरोबर होता, अंगठे बरोबर होते, पैसे त्यांच्या डोळ्यांदेखत दिले गेले होते. मी असतो तर पुडी घेऊन घरी गेलो असतो. हे छत्री काखेत मारून परत आवारात शिरले आणि बाया कुठे वळतात ते पाहत विहिरीमागे गेले.

तिथे ठेकेदाराचा मुकादम गमछा पसरून बसला होता. एकेक बाई वाकत होती, मघाच्या पैशांतला तिसरा हिस्सा गमछ्यात टाकत होती आणि पुढे जात होती. अगदी शिस्तीत, देवळात टाकल्यासारखं. बडे बाबू रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी खिशातून नाणं काढलं.

"मुकादमजी, हमारा भी ले लो. हम भी तो सरकार के ही नौकर हैं."

मुकादमाने गमछा गोळा केला आणि पळाला. बाया मात्र पळाल्या नाहीत. रामप्यारी नावाची एक वयस्क बाई पुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "बाबूजी, लिखना मत. ठेका गया तो हम भी गए."

"तुम्हारा काम नहीं जाएगा. ये मेरा ज़िम्मा."

घरी येताना मी त्यांना समजावलं. माझं मत मी लपवत नाही: मला ते प्रकरण मिटवायला हवं होतं. म्हटलं, व्याह्यांना बोलावून कान टोचा, पैसे परत करायला लावा. आणि लिहायचंच असेल तर दुसऱ्या कोणाला लिहू द्या.

"काहून? पाहिलं मी, तर लिहीन मीच. दुसऱ्याच्या खांद्यावर काहून देऊ?"

तरी त्यांनी लगेच लिहिलं नाही. बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. माझ्या आठवणीतली ती पहिलीच. मला हायसं वाटलं. म्हटलं, गेले व्याह्यांकडे, मिटलं. गुरुवारी सकाळी त्यांनी टिपण साहेबापुढे ठेवलं. पहिली ओळ होती, 'हा ठेकेदार माझा व्याही आहे.' शेवटची होती, 'यास तीन वर्षे कोणताही सरकारी ठेका देऊ नये.' मधे रामप्यारीची जबानी, खाली तिचा अंगठा. या खेपेला इंग्रजी साहेबाला पहिल्या फटक्यात समजली. व्याह्यांचं नाव काळ्या यादीत गेलं आणि बाया उरलेल्या उन्हाळ्यापुरत्या खात्याच्या रोजावर आल्या.

त्या रविवारी सुमन आली नाही. पुढच्याही नाही. व्याह्यांनी निरोप पाठवला, "ज्या बापाने पोरीच्या घराला काळं फासलं, त्याच्या दारात आमची सून पाय ठेवणार नाही." दिवाळी गेली, संक्रांत गेली. सुमनच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, नवऱ्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. भिंत एकच असल्यामुळे तो अबोला आमच्याकडेही ऐकू यायचा. एकदा फक्त वहिनींचा आवाज चढला. "बायांचं पाहिलं, पोटच्या पोरीचं नाही पाहिलं! तिला एका शब्दाने तरी विचारलं का हो?"

बडे बाबू छत्री घेऊन बाहेर पडले.

मीही त्यांच्यावर रागावलेलो होतो. न्याय करावा, पण स्वतःच्या खिशातून करावा, लेकीच्या माहेरातून कसला करायचा? हे मी त्यांना तोंडावर म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "बराबर आहे तुमचं," आणि फाइल ओढून घेतली. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

शनिवारची पुडी चालूच राहिली. ती टेबलाच्या खणात जायची आणि सोमवारी ते ती माझ्यापुढे सरकवत. "घ्या जी, नरम होऊन राहिले." तीन वर्षं मी सुमनचे फुटाणे खाल्ले.

बंदी उठायला दोन-तीन महिने राहिले असताना, थंडीत, बडे बाबू गेले. शनिवारी दुसऱ्या कामावरच्या मजुरांचा चुकारा केला, रविवारी छातीत दुखलं, सोमवारी नव्हते. व्याह्यांनी सुमनला पाठवलं. मरणाला अडवत नाहीत, एवढी रीत त्यांनी पाळली.

तेरावा झाल्यावर मी त्यांच्या खणातल्या वस्तू घेऊन त्यांच्या घरी गेलो. चष्मा, दौत, आणि शेवटच्या शनिवारची पुडी. सुमन ओसरीवर आईजवळ बसली होती. पुडी पाहिली आणि तिने ती माझ्या हातून ओढूनच घेतली. मला राहवलं नाही. म्हटलं, "पोरी, बाबांना माफ कर. त्यांनी तुझा विचार करायला हवा होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काका, बाबा मला विचारून गेले होते. त्या बुधवारी दुपारी आले, मामंजी घरी नव्हते. म्हणाले, बेटा, तू नाही म्हटलंस तर मी नाही लिहिणार."

वहिनींनी मान वर केली.

"मी म्हटलं, लिहा. त्या घरी बायांच्या ताटातलं दोन वेळा जेवून तर मीच राहिली होती ना." तिने पुडीचा दोरा सोडला. "पण म्हटलं, मी हो म्हटल्याचं कोणाला सांगू नका, आईलाही नाही. मला त्याच घरात राहायचं आहे."

मग सुमनने एकेक फुटाणा सोलायला घेतला. पहिला तिने आईपुढे धरला. वहिनींनी हात पुढे केला, पण फुटाणा बोटांतून निसटून खाली पडला. सुमनने दुसरा सोलला आणि आईच्या तोंडात घातला.