दर पानामागचं कोरं पान

जुना प्रिंटर वीज पडून जळाला आणि आमच्या आरोग्य केंद्राला नवा मिळाला. त्याचं कौतुक एक दिवसही टिकलं नाही. गरोदर बायांच्या तपासणीचा रिपोर्ट छापायला घेतला की एक पान छापलेलं यायचं आणि त्याच्यामागून एक कोरं. मी तिथे कंत्राटी ऑपरेटर, कागद वाया गेला की बोलणी मलाच. म्हणून मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. कागदाचा आकार बदलला, समास कमी केले, प्रिंटर काढून पुन्हा जोडला, शेवटी चिडून त्याला दोन चापट्याही मारल्या. सॉफ्टवेअर करून देणारा माणूस नागपूरचा. फोनवर म्हणाला, "मॅडम, कोरं पान बाजूला काढून ठेवा ना. काय बिघडतं?" डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी मानही वर केली नाही.

औषधाच्या खिडकीवरच्या कंपाउंडरची मात्र चंगळ झाली. पाकिटं कधी वेळेवर येत नाहीत, त्यामुळे गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायची आमच्याकडची जुनी रीत. कोऱ्या पानांचा गठ्ठा तो माझ्या टेबलावरून उचलून न्यायचा.

तपासणीच्या शिबिरानंतर प्रत्येक गावची आशाताई आपल्या गावाचा रिपोर्ट न्यायला यायची. लघवीची तपासणी शिबिर संपल्यावर व्हायची, त्यामुळे धोका कोणाला आहे ते कळायचं या कागदावरूनच. नावापुढे डॉक्टरांचा शेरा असेल तर त्या बाईला तातडीने पाठवायचं, नसेल तर ती ठीक.

त्यातल्या एका आशाताईची स्वतःचीच सून पहिलटकरीण होती. गेल्या काही दिवसांत पोरीच्या तोंडावर सूज दिसू लागली होती, म्हणून या बाईच्या जिवाला घोर. रिपोर्ट हातात घेतला आणि बोट फिरवत ती सुनेच्या नावावर थांबली.

"मॅडम, काई लिवलं नाई तिच्यापुढं. म्हंजे बरी हाये ना?"

डॉक्टर बाजूलाच चहा घेत होते. ते म्हणाले, "शेरा नाही ना? मग कशाला काळजी करता?"

तिचा चेहरा असा खुलला की मलाही बरं वाटलं. "मंग धाडतो तिले वडनेरले. पयलं बाळंतपण माहेरीच करा लागते. तिची माय रोज फोन करून राह्यली." दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन ती वडनेर भोलजीच्या बसमध्ये बसली.

त्या दिवसांत एकाही गावाच्या कागदावर एकही शेरा नव्हता. कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. सगळं चांगलं चाललंय असं वाटलं की कोण कशाला चौकशी करतो?

मग एके दिवशी तीच आशाताई गावासाठी लोहाच्या गोळ्या न्यायला आली. बाकावर बसून पुड्या पिशवीत भरताना एक पुडी सुटली. ती उलगडलेला कागद घेऊन माझ्याकडे आली.

"मॅडम, हे कोनाचं हाये?"

कोऱ्या पानाच्या डाव्या कडेला एकच ओळ छापलेली होती. रक्तदाब जास्त, लघवीत प्रथिने, ताबडतोब बुलढाण्याला पाठवा. नाव नाही, गाव नाही. मी तिच्या पिशवीतला रिपोर्ट मागून घेतला आणि तो चुरगळलेला कागद त्याच्या उजव्या बाजूला लावून ठेवला. ती ओळ बरोबर तिच्या सुनेच्या नावापुढे आली.

तेव्हा मला कळलं. रिपोर्ट नव्या कागदापेक्षा रुंद होता. जुना प्रिंटर मोठा कागद घ्यायचा, त्यावर सगळं मावत होतं. आता शेऱ्याची चौकट कडेबाहेर पडून पुढच्या पानावर जात होती. बहुतेक बायांचा शेरा रिकामा, म्हणून ते पान कोरं. खात्रीसाठी मी स्क्रीन उघडला. डॉक्टरांनी भरलेला शेरा तिथे होताच, पहिल्या दिवसापासून.

तिने तिथूनच वडनेरला फोन लावला. व्याह्यांनी उचलला. पोरीला सकाळीच झटके आले होते आणि ते तिला गाडीत घालून बुलढाण्याचा घाट चढत होते. मला त्या नागपूरवाल्याची मानगूट धरावीशी वाटत होती.

पोरगी वाचली, बाळ गेलं.

चौकशी झाली आणि तांत्रिक अडचण असं लिहून फाईल बंद झाली. अडचण दूर करायला मला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. चौकट थोडी डावीकडे ओढली, रिपोर्टची रुंदी कमी केली, आणि कोरी पानं यायची बंद झाली. कंपाउंडर मात्र कागद मिळत नाही म्हणून कुरकुरला. त्याच्यावर मी अशी ओरडले की बाहेरच्या रांगेतल्या बाया चूप झाल्या.

आशाताई अजून येते. आता शेरा नावापुढेच छापून येतो, तो मी तिला बोट ठेवून दाखवते. ती मान हलवते, पण टेबलापासून हलत नाही.

"अन् दुसरं पान?"

"ताई, आता दुसरं पान निघतच नाही."

"निंगत नसन. तरी द्या."

मी तिला समजवायचं सोडलं आहे. गठ्ठ्यातला एक कोरा कागद काढून देते. ती तो दोन्ही बाजूंनी नीट पाहते, खिडकीच्या उजेडात धरते, आणि मगच पिशवी उचलते.