आईच्या रक्तातली जनुकं

माझा प्रयोग दोनदा फसला होता. तिसऱ्या वेळी रक्त आईनं दिलं. त्यातल्या पांढऱ्या पेशींत मी मेलेले जंतू मिसळले, पुढची तपासणी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीवर सोपवली आणि सोयाबीनच्या सोंगणीला किन्हीराजाला घरी आले.

शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसले असताना मैत्रिणीनं मोबाइलवर आलेख पाठवला. तो पाहून मी ओरडलेच.

आई हातात विळा घेऊनच धावत आली. "काय झालं वं? काहून वरडली?"

"माय, जंतू भेटल्याबरोबर तुह्या पेशींनं लढाचे बंद जनुकं चालू केले! हेच मले दाखवाचं होतं."

"बंद कायले व्हते?"

"एरवी त्याईचं काम नसते."

तिनं मातीचं बोट पदराला पुसून पडद्यावर ठेवलं. "यातली माही रेघ कोनती?"

"दोन्ही तुह्याच. सपाट हाय ते जंतूबिगरची, अन् चढलेली जंतू आल्यावरची."

आई सोंगणाऱ्या बायांकडे वळली. "आवं, इकडे या! माह्या रगतानं पोरीचा परयोग पास केला!"

विळे ठेवून सगळ्या आल्या. एकीनं विचारलं, "आमचं रगत चालन काय वं?"

चालेल म्हणाले, तर सातही जणींनी तिथंच बाह्या वर केल्या.