भास्कररावांचे 'म्हणजे?'

रा. रा. भास्कररावांची आणि माझी पहिली ओळख कोठे झाली, असे कोणी विचारले की मी विषय बदलतो. ती झाली कोर्टाच्या आवारात, आणि माझे थोरले बंधू तात्या त्या वेळी आरोपीच्या जागी उभे होते. गौरवग्रंथातल्या लेखाचा असा आरंभ शोभत नाही हे मला कळते. मी पणदऱ्याच्या मराठी शाळेतला मास्तर आहे आणि निबंधाची सुरुवात कशी करावी हे पोरांना शिकवून माझा घसा बसला आहे. पण भास्कररावांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला 'भास्कररावांचे भाषाप्रभुत्व' हा विषय दिला, आणि त्या विषयाची दुसरी सुरुवात मला ठाऊक नाही.

तो प्रसंग गाळावा, असे समितीच्या चिटणिसांनी मला सुचवले होते. "त्यांची साठी साजरी होईल आणि तुमच्या घराची अब्रूही झाकलेली राहील," असे ते म्हणाले. मला ते पटले होते. तात्यांना तर फारच पटले होते. पटले नाही ते एकट्या भास्कररावांना. ते इंदापुराहून मुद्दाम आमच्या घरी आले. त्या भेटीत जे झाले ते शेवटी सांगेन, कारण ते आधी सांगितले तर पुढचे लिहायला माझा हात धजणार नाही.

ज्यांना भास्कररावांचा पेशा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते इंदापूरचे राहणारे, आणि आयुष्यभर दुभाष्याचे काम केलेले गृहस्थ. गोरे साहेब दौऱ्यावर येऊन खटले चालवीत. साहेबांना मराठी येत नसे, आरोपीला इंग्रजी येत नसे. मध्ये भास्करराव उभे राहत. याचे बोलणे त्याला आणि त्याचे याला पोहोचवणे, एवढेच त्यांचे काम. एवढेच म्हणायची सवय आहे म्हणून म्हटले. माणूस घरी जायचा की तुरुंगात, हे त्या मधल्या जिभेवर ठरत असे.

आमचे प्रकरण असे. आमच्या शेजारच्या मळ्यातल्या एका बागाईतदाराशी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून तात्यांची बाचाबाची झाली होती. पुढे एके दिवशी तो पहाटेच्या वेळी पाटाजवळ दंडावर वार झालेला सापडला. अंधारात त्याला मारणारा दिसला नव्हता. संशय साहजिकच आमच्यावर आला. पोलिसांनी आमचे घर धुंडाळले आणि कडब्याच्या पेंढ्यांचे बंध कापायची एक सुरी उचलून नेली. ती फडक्यात गुंडाळून तिच्यावर लाखेची मोहर केली. घरात रोज हाताशी असणारी ती सुरी, मोहर बसल्याबरोबर भलतीच दिसू लागली.

साहेबांपुढे ती सुरी टेबलावर ठेवली होती. भास्कररावांनी साहेबांचा सवाल मराठीत केला, "ही सुरी तुझी का?"

"व्हय. माजीच हाय," तात्या म्हणाले.

"त्या पहाटे तू काय करत होतास?"

"धार काढत हुतो, सायेब."

भास्कररावांनी त्याचे इंग्रजी केले. साहेबांनी मान डोलावली, लिहून घेतले आणि कामकाज उठले. बाहेर आणताना तात्या माझ्याकडे बघून हसले. "सांगितलं बग खरं खरं," ते म्हणाले. "सांजच्याला घरी येतो. तवर म्हशीला वैरन घाल."

ते सांजच्याला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. कोठडीतून तुरुंगात हलवायची भाषा निघाली तेव्हा आम्ही चक्रावून गेलो. वकील द्यावा इतके हे प्रकरण मोठे आहे हे आम्हाला कळलेच नव्हते. घरात म्हैस तात्यांच्या हातची. दुसऱ्या कोणाला ती पान्हा सोडीना. रात्रंदिवस हंबरायची आणि वहिनी तिच्या गळ्यात हात टाकून बसायच्या. गावात आमचे नाव 'सुरीवाले' पडले. असा शिक्का एकदा बसला की तो पुसायला कोणाला सवड नसते. बारामतीच्या ज्या हलवायाकडे आमचे दूध जाई त्याने भांडी तशीच परत पाठवली. मी शाळेत जाताना मागच्या गल्लीने जाऊ लागलो. मला माझ्या भावाची लाज वाटत होती की गावाची, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

खरा घोटाळा काय झाला होता हे आम्हाला कळण्याचा काही मार्गच नव्हता. मला इंग्रजी येत नाही. साहेबांच्या कागदावर काय उतरले ते आम्ही जन्मात वाचले नसते. ते कळले एका माणसाला, त्याच्या स्वतःच्या घरी. भास्कररावांच्या घरी गवळी आला होता आणि त्यांच्या कुटुंबाने माजघरातून हाक दिली, "धार काढून झाली की चरवी आत ठेव हो." भास्करराव संध्येला बसले होते. ते तसेच उठले.

सुरीला काढतात तीही धार आणि म्हशीची काढतात तीही धार. तात्या दूध काढत होते. भास्कररावांनी साहेबांना सांगितले होते, की आरोपी त्या पहाटे सुरी पाजळत होता.

हे असेच दडपून टाकता आले असते. विचारणारे कोणी नव्हते. भास्करराव त्याच दिवशी साहेबांच्या तळावर गेले आणि जबानी पुन्हा घ्यावी म्हणून अडून बसले. ती भर कोर्टात पुन्हा झाली तेव्हा मी दाराशी उभा होतो. भास्करराव तात्यांकडे वळले आणि त्यांनी विचारले, "त्या पहाटे तुम्ही काय करत होता?"

'तुम्ही' म्हणाले. आरोपीला 'तुम्ही' म्हटलेले त्या कोर्टाने ऐकले नव्हते. पट्टेवालासुद्धा वळून बघू लागला.

"म्हशीची धार काढत हुतो की. मागंबी तेच बोललो हुतो," तात्या म्हणाले.

मग साहेबांनी भास्कररावांना धारेवर धरले. ते इंग्रजीत कडाडत होते आणि आम्हाला त्यातले अक्षर कळत नव्हते. पण साहेब जे बोलतील ते आरोपीला त्याच्या भाषेत सांगणे हा कोर्टाचा रिवाज. भास्कररावांनी तो त्या दिवशीही मोडला नाही. मान खाली घालून, पण आवाज खाली न आणता, ते तात्यांना सांगत राहिले, "साहेब म्हणतात, दुभाषी निष्काळजी आहे. साहेब म्हणतात, अशा माणसाच्या तोंडून न्याय कसा व्हायचा. साहेब विचारतात, याआधी असे किती जण गेले. दुभाषी म्हणतो, ठाऊक नाही."

तात्या सुटले. वार करणारा पुढे सापडला; त्याचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. घरी येताना तात्या म्हणाले, "सुटल्याचा आनंद व्हायच्या आदी त्या मानसाकडं बगून मला मेल्याहून मेल्यावानी झालं बग."

नोकरी टिकली, पण त्या दिवसापासून भास्करराव प्रत्येक साक्षीदाराला प्रत्येक शब्दापाशी थांबवून विचारू लागले, "म्हणजे?" वकील वैतागत. बाजारात त्यांना 'म्हणजेराव' म्हणू लागले आणि पोरे त्यांच्या मागे 'म्हणजे? म्हणजे?' करत धावत. त्या 'म्हणजे?'ने काय साधे, त्याचा एक दाखला देतो. इंदापूरकडच्या एका म्हातारीने पुतण्याविरुद्ध तक्रार केली होती, की त्याने तिचा म्हवर नेला. कारकुनाने मोहर चोरली असे लिहिले, म्हणजे सोन्याची. पुतण्याला घाम फुटला होता. भास्कररावांनी विचारले, "आजी, मोहर म्हणजे?" म्हातारी खवळली. "म्हंजी काय इचारतोस बाबा? आंब्याचा म्हवर! काठी घालून समदा झाडला मुडद्यानं!" कोर्ट खो खो हसले. भास्करराव हसले नाहीत. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, जणू पुतण्या तेच होते.

त्यांना मी एकदा या चुकीबद्दल विचारायचे धाडस केले. "भास्करराव, तुम्हाला शब्द ठाऊक नव्हता असं कसं होईल?" ते म्हणाले, "ठाऊक होता ना. लहानपणापासून ठाऊक होता. म्हणून तर लाज वाटते. समोर मुंडासं बांधलेला आरोपी आणि टेबलावर मोहोरबंद सुरी. मी अर्थ त्यांच्या तोंडातून घेतलाच नाही, टेबलावरून उचलला. पागोटं घातलेल्या एखाद्या गृहस्थाने हेच उत्तर दिलं असतं, तर मला गाय दिसली असती."

तात्या सुटल्यावर भास्करराव पणदऱ्याला आले होते. चावडीवर सगळ्यांसमोर उभे राहून त्यांनी चूक आपली असल्याचे सांगितले. आमच्यावरचा शिक्का पुसला गेला तो त्या दिवशी. हलवायाकडे आमचे दूधही पुन्हा जाऊ लागले. मग ते आमच्या घरी आले. वहिनींनी पितळी पेला घासून लख्ख केला आणि नुकतेच काढलेले दूध त्यांच्यापुढे ठेवले. भास्कररावांनी पेल्याकडे पाहिले, हात जोडले आणि म्हणाले, "मला पाणी द्या."

त्यानंतर ते दरसाल येत राहिले. माझ्या शाळेत येऊन मुलांना शब्दांचे अर्थ विचारत. एकदा त्यांनी 'धार' विचारला. कोणी पावसाची म्हणाले, कोणी कोयत्याची. एक मुलगी म्हणाली, "म्हशीची." भास्करराव खिडकीबाहेर बघू लागले. मुलांसाठी पाट्या आणत, तात्यांच्या थोरल्या मुलाला बारामतीच्या शाळेत घालताना स्वतः बरोबर गेले. पण आमच्या घरच्या दुधाला त्यांनी कधी तोंड लावले नाही. दरसाल पेला पुढे यायचा आणि दरसाल ते पाणी मागायचे.

आता जे लिहितो त्याने माझी मान खाली जाते. आम्ही त्याचा अर्थ लावून टाकला होता. ब्राह्मण माणूस, सोवळे असणार. आमच्या हातचे चालत नसणार. वहिनी माघारी म्हणायच्या, "कोर्टात तुमी म्हनतो, आन् घरात इटाळ मानतो." तात्या वहिनींना गप्प करायचे, पण त्यांनाही तेच वाटायचे. मलाही. ज्या माणसाने आमच्यावरचा शिक्का पुसला, त्याच्यावर आम्ही आमच्या ओसरीत बसून शिक्का मारला होता. त्यांना एका शब्दाने विचारावे असे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही.

परवा भास्करराव तो प्रसंग गाळू नका म्हणून सांगायला आले. "ते पान नसेल तर मी सत्काराच्या त्या खुर्चीवर बसायचा नाही," असे म्हणाले. तात्या म्हणाले, "रावसाब, आता कशाला? तुमचीबी लाज, आमचीबी लाज." एवढ्यात वहिनींनी नेहमीप्रमाणे पेला आणून ठेवला. भास्कररावांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. वहिनी वळल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि पदर सावरून तिथूनच म्हणाल्या, "म्हंजी?"

भास्करराव दचकले. तो त्यांचाच शब्द होता, पण त्यांना तो आजवर कोणी विचारला नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले, "या दुधाची मी एकदा सुरी केली. ते माझ्या घशाखाली कसं उतरेल?"

वहिनींच्या डोळ्यांना धार लागली. माझी नजर जमिनीत रुतली. इतक्या वर्षांचा आमचा राग कुठे ठेवावा हे आम्हाला समजेना. मग वहिनी आल्या, तो पेला उचलून गोठ्यात गेल्या आणि तात्यांना हाक मारली. तात्यांनी धार काढली. फेस आलेला ऊन पेला त्यांनी स्वतः भास्कररावांच्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या. मी त्या दिशी हेच करत हुतो."

भास्करराव प्याले. सावकाश, सगळे. आणि तात्यांनी मला सांगितले, "छाप आता."

म्हणून हे छापले आहे. समितीने भास्कररावांना पत्रे फोडायची चांदीची सुरी भेट देण्याचे ठरवले आहे असे कानावर आले. समितीचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण आमच्या घरची एक विनंती आहे. सुरी देऊ नये. चांदीचा पेला द्यावा. भास्कररावांना उदंड आयुष्य मिळो, त्यांचा कान असाच जागा राहो, आणि त्यांची लाज आता तरी त्यांना सोडो. पेला तेवढा समितीने द्यावा. भरून आम्ही आणू.