पाहुण्यांच्या गोलाला वाजलेला बँड

आमच्या कॉलेजच्या स्टेडियमला दोन गेटं आहेत. एक पार्किंगकडचं आणि दुसरं शारजा औद्योगिक क्षेत्राच्या रस्त्याकडचं. हे आधीच सांगते, कारण माझी फजिती त्या दुसऱ्या गेटानेच केली आणि पुढे लाजही त्यानेच राखली.

मी स्टुडंट अफेअर्समध्ये आहे. सामन्याच्या दिवशी लाइट, पाणी, ॲम्ब्युलन्स, सिक्युरिटी आणि परवानग्या माझ्याकडे असतात. फुटबॉल मला जेमतेम कळतो. ऑफसाइड म्हणजे काय ते मुलीने चार वेळा समजावून सांगितलंय, पाचव्यांदा विचारायची सोय राहिलेली नाही. मुलगी याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलींच्या संघात बचावाला खेळते. आवारात ती मला "मॅम" म्हणते, गाडीचं दार बंद झालं की "मम्मा". नियम तिचाच, मी फक्त पाळते.

मुलींचे सामने तेव्हा दुपारी साडेतीनला मागच्या मैदानावर होत. तिथे बसायला पायऱ्या नाहीत, सावली नाही. संध्याकाळी मोठ्या स्टेडियमवर लाइटखाली मुलगे खेळत. ऑक्टोबरात साडेतीन वाजता कृत्रिम गवत इतकं तापतं की बुटाचा तळवा मऊ पडतो. गेल्या मोसमात आमची गोलकीपर मैदानावरच भोवळ येऊन पडली. ॲम्ब्युलन्स मीच बोलावली, रिपोर्ट मीच लिहिला, आणि त्याच रिपोर्टला जोडून अर्ज केला की मुलींना संध्याकाळची वेळ द्या.

डायरेक्टर जॉर्डनचे. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं मोजून हवं असतं. ते म्हणाले, "मॅडम, लाइट लावायचे तर बघायला माणसं हवीत. मुलींना कोण बघतं?"

"आधी लावून तर बघा, सर."

शेवटी एका मोसमाची चाचणी ठरली. मोठ्या स्टेडियमवर मुलींचे तीन सामने, मुलांच्या सामन्याआधी, सव्वासहाला. तिसऱ्या सामन्याला पाचशे प्रेक्षक भरले तर वेळ कायम. नाही भरले तर पुन्हा साडेतीन, पुन्हा मागचं मैदान. हे त्यांनी ईमेलवर कळवलं. मी ते प्रिंट करून टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

पहिल्या सामन्याला नव्वद माणसं होती. त्यातली पंधरा-वीस मुलं सर्वांत वरच्या रांगेत बसून मुलांच्या सामन्याची वाट बघत होती. मुलींनी चेंडू चुकवला की वरून आवाज यायचा, "गो होम, मेक बिर्याणी!" आणि खिदळणं. बाकी स्टँड गप्प. तेवढ्या मोठ्या सिमेंटच्या स्टँडमध्ये पंधरा जणांचं हसणं कसं घुमतं ते मी त्या दिवशी ऐकलं. मी वर जाऊन दोघांची आयडी कार्डं घेतली. हसणं थांबलं, पण त्यामुळे कोणी टाळ्या वाजवायला लागलं नाही.

दुसऱ्या सामन्याला मी डोकं लढवलं. जो मुलींचा सामना बघेल त्याला पदवीसाठी भरावे लागणारे ॲक्टिव्हिटीचे दोन तास मिळतील, गेटवर मोबाइलने कोड स्कॅन करायचा. स्कॅन झाले चारशे वीस. मी खूश होऊन स्टँडकडे वळले तर तिथे दीडशे डोकी. बाकीचे पार्किंगच्या गेटने आत आले होते, स्कॅन केलं होतं आणि रस्त्याकडच्या गेटने शोर्मा खायला निघून गेले होते. जे राहिले ते माना खाली घालून मोबाइलमध्ये. आमच्या मुलींनी गोल केला तेव्हा टाळ्या वाजवल्या त्या मी, ॲम्ब्युलन्सच्या नर्सने आणि गेटवरच्या नेपाळी गार्डने.

गाडीत मुलगी म्हणाली, "मम्मा, प्लीज डोन्ट फोर्स पीपल. इट फेल्ट लाइक अ फ्यूनरल."

"मयताला लोक निदान वर तरी बघतात," मी म्हटलं.

ती हसली नाही. म्हणाली, "साडेथ्रीला आय कॅन प्ले. पण कीपर कान्ट. तिने सांगितलंय, शी विल क्विट." मराठी-इंग्रजीची अशी खिचडी ती फक्त काळजीत असली की करते. एरवी शुद्ध इंग्रजी.

तीन आठवडे हातात होते.

त्याच सुमारास आमच्या वसईकडच्या एका कुटुंबाचं लग्नाचं रिसेप्शन होतं. आम्ही वसईचे ख्रिस्ती, आमच्याकडे बँडशिवाय लग्न लागत नाही, मग ते शारजात का असेना. हॉलमध्ये शिरताना बँड समोर आला. दोन ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन, एक बारकं क्लॅरिनेट, दोन ढोल. सगळी आपलीच माणसं. कोणी एसीचा मेकॅनिक, कोणी हॉटेलच्या किचनमध्ये. बँडमास्तर शारजातल्याच रोल्ला भागात एका टायपिंग सेंटरमध्ये व्हिसाचे फॉर्म भरतात. वाद्यांची प्रॅक्टिस एका गोदामाच्या मागच्या खोलीत होते, आमच्या कॉलेजपासून दहा मिनिटांवर. जे लोक पाच मिनिटांपूर्वी एसीखाली तोंड पाडून बसले होते ते बँड सुरू झाला तसे उठून नाचायला लागले. कोणी त्यांना ॲक्टिव्हिटीचे तास दिले नव्हते.

जेवणाच्या रांगेत मी मास्तरांना गाठलं. "मास्तर, फुटबॉलला वाजवाल?"

"कुणाचं लग्न?"

"लग्न नाही. मुलींची मॅच आहे. कॉलेजात."

त्यांनी बिर्याणी वाढून घेतली, विचार केला. "नऊ वाजता आम्हाला अजमानला ऑर्डर आहे. त्याच्या आधी संपणार?"

"सव्वाआठला संपतं."

"मग येतो. पण ताई, वाजवायचं कधी? लग्नात आम्हाला कळतं. मॅचमध्ये काय कळणार?"

"सोपं आहे. गोल झाला की वाजवायचं."

एवढंच सांगितलं मी. वाद्यांची परवानगी, सिक्युरिटीची मंजुरी, आवाजाच्या वेळा, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजाननंतरच सुरुवात, सगळं लिहून घेतलं, सह्या घेतल्या, तीन कॉपी काढल्या. पण गोल कुणाचा, हे सांगायचं मला सुचलंच नाही.

तिसऱ्या सामन्याला समोरचा संघ रास अल खैमाहून आला होता. त्यांच्याबरोबर एक बस भरून घरची माणसं. आया, मावश्या, लहान मुलं, आणि व्हीलचेअरवर एक आजीबाई. ते डाव्या बाजूला बसले. आमच्या बाजूला अडीचशेच्या आसपास. गार्डच्या हातात माणसं मोजायचं यंत्र होतं, माणूस आत आला की टक्. सव्वासहाला त्यावर आकडा होता तीनशे अकरा. डायरेक्टर खाली पहिल्या रांगेत येऊन बसले. वरच्या रांगेत तीच पंधरा-वीस मुलं.

विसाव्या मिनिटाला पाहुण्यांनी गोल केला. आमच्या बाजूला सन्नाटा. आणि त्या सन्नाट्यात मास्तरांनी हात वर केला आणि बँड फुटला. फुल आवाजात, ट्रम्पेटं वर करून, वरातीला वाजवतात तसा.

मला वाटलं, आता इथेच जमीन दुभंगावी. डायरेक्टरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. वरच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "हबीबी, हूज बँड इज दिस?" सगळा स्टँड हसला. पण या वेळचं हसणं मुलींना नव्हतं. मोसमात पहिल्यांदा मोबाइल खाली आले आणि माना वर झाल्या.

डावीकडे तर कहरच झाला. ती रास अल खैमाची मंडळी आधी गोंधळली, मग उठली. बायकांनी टाळ्या धरल्या. व्हीलचेअरवरच्या आजीबाईंनी जिभेने ती लांब थरथरती आरोळी दिली, इथल्या लग्नात देतात ती. ढोलवाल्याला तेवढंच पुरलं. तो डावीकडे तोंड करून वाजवू लागला.

वरच्या रांगेतले तीन-चार जण धावत खाली आले. "अंकल! अंकल, राँग टीम!"

मास्तर हिंदीत म्हणाले, "बेटा, मेहमान का पहला गोल है. बजाना पड़ता है."

"पर हमारा बँड है ना!"

"तो तुम्हारी टीम को बोलो, गोल मारे. हम तैयार बैठे हैं."

ते चौघे पुन्हा वर गेले नाहीत. बँडच्या शेजारीच बसले आणि पुढच्या मिनिटापासून आमच्या मुलींना ओरडून सांगू लागले, "यल्ला, यल्ला! शूट!" आपल्या गोलाला बँड वाजलाच पाहिजे, ही त्यांची जिद्द झाली. त्यांचं बघून इतर ओरडू लागले. डावीकडून उत्तर आलं. उजवीकडून प्रत्युत्तर. माझी मुलगी एका चेंडूवर अक्षरशः आडवी पडली आणि तो बाहेर घालवला, तेव्हा पहिल्या सामन्यात बिर्याणीची चेष्टा करणारा मुलगा उभा राहून तिच्या जर्सीचा नंबर ओरडत होता. मी बघून घेतलं आणि पाण्याचे क्रेट मोजायला गेले. कामं कोण करणार?

मध्यंतराला इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची अजान सुरू झाली. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली, मास्तरांनी टोपी काढून मांडीवर घेतली. अख्खा स्टँड शांत. पण आधीच्या सामन्यातली ती मेलेली शांतता नव्हती ही. अजान संपली की पुन्हा काय होणार आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

अजान संपल्यावर मी मास्तरांकडे गेले. "मास्तर, तुम्ही समोरच्यांच्या गोलाला वाजवलंत."

"तुम्हीच म्हणालात, गोल झाला की वाजवा."

"आपला गोल!"

मास्तर माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मीच वसईची नाही. "ताई, लग्नात नवरीकडचे दारात आले की आपण गप्प बसतो? जो येईल त्याला वाजवत आत घ्यायचं. नवऱ्याकडचा की नवरीकडचा, बँड विचारत नाही. आणि ती माणसं दीड तास बसमध्ये बसून आलीत."

माझ्या स्वतःच्या लग्नात बँडने माझ्या मामाकडच्यांना अर्धा रस्ता पुढे जाऊन आणलं होतं. सासरच्यांनी तोंड वाकडं केलं नव्हतं. मी म्हटलं, "ठीक आहे. तसंच चालू ठेवा."

तेवढ्यात गार्डचा फोन. रस्त्याकडच्या गेटवर. मी धावले. बँड ऐकून बाहेर माणसं जमली होती. समोरच्या गॅरेजमधले मेकॅनिक, वेअरहाउसमधून सुटलेले लोक, आमच्याच हॉस्टेलची जेवून परतणारी मुलं. जाळीला नाक लावून उभी. एकजण म्हणाला, "मॅडम, अंदर शादी है क्या?"

"मॅच आहे. लड़कियों की. देखना है?"

"अलाउड है?"

पाहुण्यांच्या प्रवेशाचा नियम माझाच आहे. एमिरेट्स आयडी दाखवायचं, रजिस्टरमध्ये नोंद करायची, आत जायचं. मी दुसरं रजिस्टर काढलं, स्वतः खुर्ची ओढून बसले आणि नोंदी घेऊ लागले. गार्ड शेजारी उभा राहून टक्, टक्, टक्. ज्या गेटने मागच्या वेळी माझे प्रेक्षक पळाले होते, त्याच गेटने माणसं आत येत होती, तीही रांग लावून.

मी रजिस्टरवर होते, त्यामुळे आमचा पहिला गोल मला दिसला नाही, नुसता ऐकू आला. आधी आरडाओरडा, मग बँड, आणि त्यात भर म्हणून डावीकडून त्या आजीबाईंची आरोळी. आमच्या गोलाला! पाहुण्यांनीही परतफेड केली होती. रांगेतले लोक म्हणाले, "मॅडम, जल्दी लिखो ना!"

गार्डने यंत्र माझ्यापुढे धरलं तेव्हा आकडा होता पाचशे चौतीस.

मी ते यंत्र घेऊन डायरेक्टरांकडे गेले. त्यांनी आकडा पाहिला. मग गॅरेजचे निळे कपडे घातलेल्या रांगांकडे पाहिलं. "मॅडम, हे आपले विद्यार्थी नाहीत."

"सर, तुमच्या ईमेलमध्ये विद्यार्थी लिहिलेलं नाही. प्रेक्षक लिहिलंय. प्रत्येकाची नोंद आहे, आयडी नंबरसकट. बघायचीय?"

ते काही बोलणार तेवढ्यात आमच्या एका मुलीने लांबून फटका मारला आणि चेंडू जाळीत. दोन-एक. यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण सगळं एकदमच झालं. बँड, ढोल, निळे कपडेवाले बाकांवर उभे, ती चौघं मुलं मास्तरांच्या गळ्यात. डायरेक्टर उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला, मग ते खाली बसले आणि म्हणाले, "खलास. वेळ कायम."

"लेखी द्याल?"

"उद्या."

"आज, सर. मोबाइलवरून होतं."

त्यांनी तिथेच दोन ओळी टाइप केल्या. माझा फोन वाजला. मग मी टाळ्या वाजवल्या.

सव्वाआठला मुलांचा सामना सुरू झाला. बँड अजमानच्या ऑर्डरला निघाला, आणि बँडमागोमाग निम्मा स्टँडही रस्त्याकडच्या गेटने बाहेर पडला. मास्तर पाहुण्यांना त्यांच्या बसपर्यंत वाजवत सोडून मगच आपल्या व्हॅनमध्ये बसले. त्या आजीबाईंची खुर्ची बसमध्ये चढवेपर्यंत क्लॅरिनेट चालू होतं.

गाडीत मुलीच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. "मम्मा, कीपर इज स्टेइंग," ती म्हणाली. मग म्हणाली, "मम्मा, दॅट वॉज इन्सेन." मी म्हटलं, सीटबेल्ट लाव.

सोमवारी सकाळी मुलांच्या संघाचा कॅप्टन माझ्या टेबलापुढे उभा. "मॅम, नेक्स्ट मॅचला बँड आम्हाला मिळेल का? आमच्या वेळेला स्टँड रिकामा होतो."

मी त्याला फॉर्म दिला. तीन कॉपी, सिक्युरिटीची सही, वाद्यांची यादी. "आणि एक लक्षात ठेव," मी म्हटलं, "समोरच्यांनी गोल केला तरी बँड वाजणार. चालणार असेल तर खाली सही कर."

त्याने जरा विचार केला आणि सही केली.