रोमचा कायदा, डिंडोलीचा मंडप

भुसावळहून गाडी सुटली तेव्हा पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवरचं टिपण होतं. साल अठ्ठ्याण्णव. रोममध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार नुकताच झाला होता, आणि मला कायद्याचा प्राध्यापक म्हणून सुरतच्या डिंडोली भागातल्या एका गणेश मंडळाने व्याख्यानाला बोलावलं होतं. आदल्या दिवशी पाककला स्पर्धा, दुसऱ्या दिवशी संगीत खुर्ची. मधला दिवस मानवतेला मिळाला.

उधना स्टेशनावर मंडळाचे अध्यक्ष स्वतः हजर. लूमच्या कारखान्यात मुकादम, गल्लीत वजन. त्यांनी आग्रहाने लोचो (चणाडाळीचं मऊ, सैल खमण) खाऊ घातला. तेल टिपणावर सांडलं आणि न्यूरेंबर्ग पुसट झालं.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर मंडप भरला. मी सांगितलं, नाझींवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरायला युद्धाशी संबंध लागायचा. युद्ध नसताना आपल्याच माणसांची ठरवून कत्तल केली तरी तो गुन्हाच, एवढं करारात लिहायला शहाण्या जगाला पन्नासेक वर्षं लागली. वरून हुकूम होता, ही सबबही चालत नाही. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, हार घातला.

मंडपामागे एक बाई थांबली होती. कारखान्यात बॉबिनवर सूत भरायची. हातात अर्ज, त्यावर कोर्ट फीचं तिकीट. फलकावर मंडळाने ‘जागतिक न्यायालयाचे जाणकार’ असं रंगवलं होतं, म्हणून तिला वाटलं, मी अर्ज घ्यायला आलोय.

“भाऊ, तठे लढाई नव्हती. मन्ह्या गल्लीना लोके व्हतात. तुमना कायदामा चालस का?” (तिथे लढाई नव्हती, माझ्याच गल्लीतले लोक होते. तुमच्या कायद्यात चालतं का?)

ब्याण्णवच्या दंगलीत तिच्या शेजारच्या मुसलमान कारागिराला घरातून ओढून जाळलं, ते तिने पाहिलं होतं. अर्जात तीन नावं होती. पहिलं अध्यक्षांचं.

मी विद्वत्तापूर्ण आवाजात म्हणालो, “ते न्यायालय अजून उघडायचंय, आणि मागचे गुन्हे ते घेणार नाही. पोलिसांत जा.”

“गेली व्हती. एकटीचं कोन ऐकत नही. तुमी संगे चला.”

मी सकाळच्या गाडीचं कारण सांगितलं. तिने अर्ज परत न घेता माझ्याच हातात ठेवला.

घरी बायकोने विचारलं, सुरत कशी? स्वागत छान झालं, म्हणालो. मला स्वतःची लाज वाटते. त्या गल्लीत राहून तिने अर्जाखाली पूर्ण नाव, पत्ता आणि सही दिली आहे. मी इतक्या लांब, दार लावून हे लिहितो आहे, आणि अध्यक्षांचं नाव अजून लिहिलेलं नाही.